‘किती मिळाले?’ला एकच ओळ पुरे, पण तारखेची चूक आधी सुधारा

प्रश्न : पुण्यात पुनावळे भागात आम्ही २०२१ मध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट बुक केला. करारनाम्यात ताबा डिसेंबर २०२३ पर्यंत देणार असं लिहिलंय. बाराव्या मजल्याच्या पुढे काम सरकलेलं नाही. घरभाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालू आहे. सगळ्या ग्राहकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी बँकेत नोकरी करते, कागद वाचायची सवय आहे, म्हणून महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती बघितली आणि ग्रुपवर लिहिलं की बिल्डरला मुदतवाढ मिळालीय, म्हणजे तो अजून मुदतीत आहे, तेव्हा थेट तक्रार करण्याऐवजी आधी महारेराच्या सलोखा मंचाकडे, म्हणजे समेटाच्या बोलणीसाठी जाऊ या. पाच मिनिटांत एका काकांचा मेसेज आला, “किती मिळाले, मॅडम?” खाली अंगठ्यांची रांग. हे काका एसटीतून निवृत्त झालेत, फंडाचे पैसे या फ्लॅटमध्ये घातलेत. मग कुणीतरी लिहिलं की मी गेल्या महिन्यात बिल्डरच्या ऑफिसात दिसले होते. खरं आहे, गृहकर्जाच्या पुढच्या हप्त्यासाठी बँकेला लागणारं पत्र आणायला गेले होते. आणखी एकाने “केबिनमध्ये बराच वेळ होत्या” असं लिहून डोळा मारणारी चित्रं टाकली. मी चिडून काकांना लिहिलं, “तुम्हाला घर नकोय, तुम्हाला पुढारीपण हवंय.” ॲडमिन गप्प आहेत. माझे दीर वकील आहेत, ते म्हणतात अब्रुनुकसानीची नोटीस पाठवू. नवरा म्हणतो ग्रुप सोड. मला वाटतं, बँकेचं स्टेटमेंटच ग्रुपवर टाकावं म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद होतील. रविवारी सगळ्यांची बैठक आहे. काय करू?

— एक वाचक, पुणे

ताई,

स्टेटमेंट टाकू नका. ते बघून कुणी गप्प बसणार नाही. रोख दिले असतील, नवऱ्याच्या खात्यात गेले असतील, पुढे पार्किंग फुकट मिळणार असेल, असं एकेक निघत राहील आणि तुम्ही खुलासे करत राहाल. आपण पैसे घेतले नाहीत, हे सिद्ध करणारा कागद जगात कुणाकडेच नसतो. शिवाय तुमचा पगार, हप्ते, घरातले व्यवहार एवढ्या सगळ्या लोकांच्या फोनमध्ये कायमचे जाऊन बसतील. “मी बिल्डरकडून काहीही घेतलेलं नाही”, ही एक ओळ एकदा लिहा. दुसऱ्यांदा कुणी विचारलं तर तीच ओळ पुन्हाही लिहू नका.

आता जे लिहितेय ते तुम्हाला आवडणार नाही, पण रविवारच्या आधी ते तुमच्या कानावर घालणं गरजेचं आहे. “बिल्डर अजून मुदतीत आहे” हे तुमचं वाक्य चुकीचं आहे. आणि ते नेमकं बिल्डरच्या फायद्याचं आहे.

संकेतस्थळावर दिसते ती वाढीव तारीख प्रकल्पाच्या नोंदणीची असते. काम पूर्ण करायला प्राधिकरणाने बिल्डरला दिलेली ती मुदत. तुम्हाला ताबा कधी द्यायचा, हे मात्र तुमच्या आणि त्याच्यामधल्या नोंदणीकृत करारनाम्यात ठरलेलं आहे. रेरा कायद्याचं कलम १८ करारातलीच तारीख बघतं. त्या तारखेला ताबा मिळाला नाही तर ग्राहकापुढे दोन वाटा असतात. बाहेर पडायचं असेल तर भरलेले पैसे व्याजासह परत, आणि थांबायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. महाराष्ट्राच्या नियमांत हा दर स्टेट बँकेच्या सर्वात जास्त एमसीएलआरच्या (बँक कर्ज देताना पाया धरते त्या व्याजदराच्या) वर २ टक्के असा बांधून दिलाय. एखाद्या घराने ५० लाख भरले असतील तर दर १० टक्के धरला तरी महिन्याला ४१ हजारांच्या पुढे रक्कम जाते. करारात अडचणीच्या परिस्थितीबद्दल काही अपवादाची कलमं असतील, ती नीट वाचावी लागतील. पण महारेराने मुदत वाढवली म्हणून हे व्याज आपोआप बुडत नाही.

तुमच्या त्या वाक्यावर विश्वास ठेवून ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी व्याजावर पाणी सोडलं असतं. काकांच्या जागी बसून बघा. एक बाई येते, बँकेत काम करते, कागद वाचून आल्याचं सांगते, आणि बिल्डरचं म्हणणं बरोबर असल्याचं सांगते. वर ती त्याच्या ऑफिसातही दिसलेली असते. काकांनी विचारलं ते चुकीच्या भाषेत विचारलं, अपमान केला, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्यांची शंका हवेतून आली नव्हती. तुम्ही नोंदणीची तारीख बघत होतात आणि ते करारातली तारीख बघत होते. कुणी “तुम्ही कुठली तारीख धरलीय?” असं विचारलं असतं तर वाद दहा मिनिटांत मिटला असता. कुणी विचारलं नाही, कारण तोवर चर्चा कागदावरून माणसांवर घसरली होती.

आणि बिल्डर लोक ग्राहक फोडत नाहीत असं नाही, ताई. रखडलेल्या प्रकल्पांत हे चालतं. एखाद्याला उशिराच्या हप्त्यावरचं व्याज माफ होतं, एखाद्याला चांगल्या जागचं पार्किंग मिळतं, आणि त्या बदल्यात ‘ग्रुप जरा शांत ठेवा’ एवढंच मागितलं जातं. मुदतवाढीच्या अर्जाला ग्राहकांची संमती जोडायची असते तेव्हा सह्यांचे कागद घेऊन माणसं दारोदार फिरतात, त्यांतले काही स्वतः ग्राहकच असतात. ज्याने एकदा असं बघितलंय त्याला पुढची प्रत्येक समजुतीची भाषा संशयास्पद वाटायला लागते. निवृत्तीचा फंड माणसाला एकदाच मिळतो. तो अडकला की पुन्हा कमवायला वय उरत नाही. तुमचं नुकसान मोठं आहे, पण तुमच्या हातात अजून नोकरीची वर्षं आहेत. काका “किती मिळाले” म्हणाले त्यामागे ही भीती असणार असं मला वाटतं. तिला जागा द्या, अपमान मात्र गिळू नका. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

आता तुमच्या उत्तराकडे येते. “तुम्हाला घर नकोय, तुम्हाला पुढारीपण हवंय.” काकांनी तुमच्यावर जो आरोप केला तोच तुम्ही त्यांच्यावर केलात. त्यांनी तुमच्या मनात पैसा बघितला, तुम्ही त्यांच्या मनात खुर्ची बघितलीत, आणि दोघांच्याही हाती पुरावा नाही. ज्या माणसाने आयुष्याची पुंजी तिथे ओतली त्याला ‘घर नकोय’ हे शब्द किती लागले असतील याचा विचार करा. हे वाक्य तुम्ही परत घेतलं पाहिजे, काकांनी त्यांचं घेवो न घेवो. ‘ते आधी म्हणाले’ हा हिशोब इथे धरू नका.

परत घ्यायचं ते आधी फोनवर, मग ग्रुपवर. शक्य असेल तर फोनही नको, घरी जा. नवऱ्याला बरोबर घ्या. समोरासमोर बसून चहा घेताना माणूस ‘किती मिळाले’ विचारत नाही, ‘तुम्ही त्या दिवशी तसं का लिहिलंत’ असं विचारतो, आणि या दुसऱ्या प्रश्नाला तुमच्याकडे चांगलं, खरं उत्तर आहे. करारनामा सोबत न्या. तारखेचं कलम त्यांना दाखवा आणि सांगा की हे माझं बघायचं राहिलं होतं.

ग्रुपवर काय लिहायचं ते मी खाली मांडलंय. तुमच्या शब्दांत बदला, पण यापेक्षा लांबवू नका :

“नमस्कार. माझ्या मागच्या मेसेजमध्ये एक चूक होती. महारेराची वाढीव तारीख ही प्रकल्पाच्या नोंदणीची आहे. ताब्याची तारीख आपापल्या करारनाम्यातली (माझ्या करारात डिसेंबर २०२३) तीच धरली जाते आणि त्यापुढच्या विलंबाचं व्याज मागण्याचा हक्क आपल्याला आहे. सगळ्यांनी आपापला करार बघा आणि रविवारी प्रत आणा. मी गेल्या महिन्यात बिल्डरच्या ऑफिसात कर्जाच्या हप्त्याचं पत्र आणायला गेले होते. तेव्हा प्रकल्पाबद्दल दुसरं काही बोलणं झालं नाही. मी बिल्डरकडून काहीही घेतलेलं नाही. काकांना मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं, ते मागे घेते. यापुढे बिल्डरला भेटायचं तर कुणीही एकट्याने न भेटता किमान दोघांनी जावं आणि झालेलं बोलणं त्याच दिवशी इथे लिहावं, असं मी सुचवते. रविवारी भेटू.”

यातलं ऑफिसच्या भेटीचं वाक्य गाळू नका. भेट तुमच्या खासगी कामाची होती, सांगायला तुम्ही बांधील नव्हतात, हे मला मान्य आहे. पण ज्या ग्रुपला तुम्ही बिल्डरशी बोलणी करायचा सल्ला देता, त्याला तुम्ही नुकत्याच त्याच्या दारात जाऊन आलात हे दुसऱ्याकडून कळणं वाईट. आधीच सांगितलं असतंत तर ती साधी बातमी होती. मागाहून उघड झाली म्हणून तिचा आरोप झाला. हप्त्याच्या पत्रासाठी आज ना उद्या ग्रुपमधल्या प्रत्येकालाच त्या ऑफिसात जावं लागणार आहे, त्यामुळे दोघांनी जायचा नियम तुमच्या एकटीच्या सोयीचा आहे असंही कुणी म्हणू शकणार नाही.

“केबिनमध्ये बराच वेळ होत्या” लिहिणाऱ्याचं काय? हे मी वेगळं काढते, कारण काकांचा मेसेज आणि हा मेसेज एका तागडीत घालायचे नाहीत. काकांनी तुमच्या हेतूवर शंका घेतली. याने बाई म्हणून तुमच्याबद्दल घाण बोलून घेतलंय. याला समजून घेणं, फोन करणं, चहा पाजणं काही नको. मेसेजचे स्क्रीनशॉट नाव, नंबर, तारीख दिसेल असे काढून ठेवा. ॲडमिनला एक ओळ लिहा, ‘हा मेसेज काढायला सांगा आणि त्यांना समज द्या’. पुन्हा तसं काही आलं तर पोलिसांत जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये स्त्रीच्या विनयाचा अपमान करणाऱ्या शब्दांना शिक्षा सांगितलेली आहे. तुम्ही इथे सौम्यपणा दाखवला तर उद्या दुसरी कुठलीही बाई त्या ग्रुपवर तोंड उघडणार नाही, आणि तुमच्या ग्रुपला कागद वाचणाऱ्या माणसांची फार गरज आहे.

ॲडमिन गप्प आहेत यामागे भीतीही असू शकते. बऱ्याच ॲडमिनना वाटतं की ग्रुपवर कुणीही काही लिहिलं की खटला आपल्यावर येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की सदस्याने लिहिलेल्या मजकुरासाठी, ॲडमिनचा त्यात संगनमताचा भाग नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. हे त्यांना सांगा. खटल्याची भीती गेली की निदान ‘माणसाविषयी बोलू नका, कामाविषयी बोला’ एवढं म्हणायचं धाडस त्यांना होईल.

दिरांच्या नोटिशीबद्दल. पाठवू नका. घरच्या माणसाने प्रेमापोटी सुचवलंय, त्यांचे आभार माना आणि कागद फाइलमध्ये ठेवा. एका ग्राहकाने दुसऱ्या ग्राहकावर अब्रुनुकसानीचा दावा लावला की बिल्डरला आणखी काय हवं? तो निवांत बसेल. तुमचा सगळा जोर एकमेकांच्या वकिलांची फी भरण्यात जाईल आणि प्रकल्पाच्या खात्यातून पैसे कसे उचलले गेले हे कुणी विचारणार नाही. ते पैसे काढायला बिल्डरला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांची प्रमाणपत्रं लागतात. ती बघायचं काम तुम्ही करायला हवं होतं, आणि तुम्ही मेसेजना उत्तरं देत बसलात.

एक निकाल मात्र दिरांकडून पूर्ण वाचून घ्या आणि रविवारी सगळ्यांना सांगा. मुंबईतल्या एका इमारतीच्या घरमालकांनी बिल्डरविरुद्ध एक फलक लावला होता. सोसायटी करून दिली नाही, इमारतीतल्या अडचणी सोडवल्या नाहीत, अशा तक्रारी त्यावर होत्या. बिल्डरने त्यांच्यावरच अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. उच्च न्यायालयात त्यांना दिलासा मिळाला नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला. न्यायालयाने फलकावरची भाषा बारकाईने तपासली. त्यात शिवीगाळ नव्हती, ‘फसवणूक’, ‘अफरातफर’ अशा शब्दांचा वापर नव्हता, फक्त तक्रारी होत्या आणि त्या शांतपणे मांडलेल्या होत्या. आपलं हित जपण्यासाठी सद्भावनेने केलेलं विधान म्हणून त्यांना कायद्यातल्या अपवादाचं संरक्षण मिळालं.

तुमच्या ग्रुपवर बिल्डरबद्दल रोज काय काय लिहिलं जातं ते आठवून बघा. चोर, लुटारू, चारसोबीस. त्या घरमालकांना त्यांच्या भाषेने वाचवलं. तुमच्यातल्या एखाद्याला त्याच्या भाषेने अडकवलं जाऊ शकतं. म्हणून संयमाची भाषा मला शिष्टाचार म्हणून नको आहे, ती तुमच्या लढाईची गरज आहे. ‘डिसेंबर २०२३ला ताबा द्यायचा होता, आज बाराव्या मजल्याच्या वर काम नाही, आमचे एवढे पैसे घेतलेत’, या तीन वाक्यांवर बिल्डरने खटला भरलाच तरी तो टिकणं कठीण, कारण ती तिन्ही खरी आहेत आणि तिन्हींचा पुरावा आहे.

सलोखा मंचाचा तुमचा मुद्दा मला पटतो, आणि तो सोडू नका. काकांना ती मांडवली वाटते, तर त्यांना तिची रचना सांगा. महारेराने २०१८ मध्ये हा मंच सुरू केला. प्रत्येक पीठावर एक प्रतिनिधी ग्राहक संघटनेचा आणि एक बिल्डरांच्या संघटनेचा असतो. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी, १९७५ पासून ग्राहकांसाठी लढणारी संघटना त्यात आहे. तिची माणसं बिल्डरांच्या प्रतिनिधीशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि त्यांना कुणी विकले गेले म्हणत नाही, कारण जे ठरतं ते सगळ्यांसमोर ठरतं आणि कागदावर उतरतं. दोन्ही पक्षांची तयारी असेल तरच प्रकरण तिथे जातं. तिथे जमलं नाही तर महारेराकडे तक्रारीचा रस्ता बंद होत नाही. पण काकांचाही मुद्दा घ्या. मुदत न ठरवता सलोख्याला बसलं तर बिल्डर तारखांवर तारखा काढेल. अमुक दिवसांत लेखी वेळापत्रक आणि व्याजाचा प्रस्ताव आला नाही तर तक्रार, हे आधीच बैठकीत ठरवा. म्हणजे तुमचं आणि त्यांचं दोन्ही एकाच ठरावात बसतं.

राहिला ग्रुप सोडायचा प्रश्न. नवऱ्याला तुमचा त्रास बघवत नाही म्हणून तो सांगतोय. पण आत्ता बाहेर पडलात तर ‘बघा, पळाली’ हेच पक्कं होईल, आणि तारखेची चूक लोकांच्या डोक्यात तशीच राहील. आवाज बंद करून ठेवा, संध्याकाळी एकदा बघा, रात्री अकरानंतर कुणालाही उत्तर देऊ नका. दुरुस्तीचा मेसेज टाकून आणि रविवारची बैठक होऊन गेल्यावरही जीव नकोसा होत असेल तर खुशाल बाहेर पडा. हक्क करारनाम्यात आहे, ग्रुपमध्ये असण्यानसण्याने तो कमीजास्त होत नाही. तुमची वैयक्तिक तक्रार तुम्ही एकट्याही करू शकता.

काही जण रविवारनंतरही तुम्हाला बिल्डरची बाई म्हणतच राहतील. ते बदलतील म्हणून थांबू नका. त्यांना पटवण्यात वेळ घालवायचाही नाही. बाकीच्यांना पटायला तुमची पुढची कामं पुरतील.

त्यातलं पहिलं काम बैठकीतच करा. तुमच्या प्रकल्पात ५१ टक्क्यांहून जास्त घरं विकली गेली असतील तर महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे बिल्डरने तीन महिन्यांत सोसायटी नोंदणीसाठी अर्ज करायला हवा होता. तो केलाय का ते विचारा. केला नसेल तर ती मागणी ठरावात घाला. सोसायटी झाली की कोण कोणाचा माणूस हे ग्रुपवर ठरवत बसावं लागत नाही. निवडून दिलेली समिती असते, इतिवृत्त असतं, कोण कधी कुणाला भेटलं याची नोंद असते. समितीसाठी काकांचं नाव तुम्ही सुचवा. एसटीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला युनियन, मागणीपत्र, वाटाघाटी हे काय असतं ते माहीत असणार, आणि एवढा चिडलेला माणूस समितीच्या बाहेर असण्यापेक्षा आत असलेला बरा. ते नाही म्हणाले तर नाही. इतिवृत्त लिहायचं काम मात्र तुम्ही मागून घ्या.

करारनाम्याची प्रत बरोबर न्या, ताब्याच्या तारखेच्या पानाला खूण करून. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये सगळ्यांनाही आपापली प्रत आणायला सांगितलंय, ते वाक्य गाळू नका. सगळ्यांच्या करारात एकच तारीख आहे असं गृहीत धरू नका, उशिरा बुकिंग केलेल्यांची वेगळी असेल, आणि व्याजाचा तक्ता करताना ती घरागणिक लिहावी लागेल.